बूम बसतंय, किट मारा

पोकलेनचं बूम हवेत उचलून ठेवा, इंजिन बंद करा आणि चहाला जा. परत आल्यावर बूम होतं तिथंच दिसलं, तर मशीन नवं आहे. बोटभर खाली आलेलं दिसलं, तर मशीन तुमच्या-माझ्यासारखं संसारी आहे. आणि बकेट जमिनीवर टेकून बसलेलं दिसलं, तर पुढच्या दहा मिनिटांत तिथं जेवढी माणसं जमतील त्यांतला प्रत्येक जण एकच वाक्य बोलेल: "जॅकचं किट गेलं."

हे वाक्य बोलायला आयटीआय लागत नाही, अनुभव लागत नाही, मशीनशी ओळखही लागत नाही. ऑपरेटर बोलतो, त्याचा हेल्पर बोलतो, मुरूम भरायला आलेल्या हायवाचा ड्रायव्हर काचेतून डोकं काढून बोलतो. खोदकाम बघायला उभे राहिलेले लोक तर बोलतातच. २०१९ साली 'जेसीबी की खुदाई' म्हणून देशभर थट्टा झाली, पण आपल्याकडे ती हौस त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. विहीर खणायला मशीन आलं की अर्धं गाव काठावर उभं असतं आणि त्यातल्या निम्म्यांना ऑपरेटरपेक्षा जास्त कळत असतं.

जॅक म्हणजे हायड्रॉलिक सिलिंडर. साईटवर त्याला सिलिंडर कुणी म्हणत नाही. लोखंडी नळकांडं, त्यात पिस्टन, पिस्टनला चकचकीत रॉड. पंपानं तेल ढकललं की रॉड बाहेर येतो आणि बूम उचलतो. लिव्हर सोडली की तेल आत अडकतं आणि बूम अधांतरी उभं राहतं. निदान राहावं अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात जुन्या मशीनचं बूम दुपारी जेवून झोपाळ्यावर बसलेल्या आजोबांच्या मानेसारखं हळूहळू खाली येतं. कधी आलं ते कळत नाही, आणि विचारलं तर कुणी कबूलही करत नाही.

आमच्याकडे, म्हणजे सर्व्हिसवाल्यांकडे, तक्रार येते ती अशी. मालकाचा फोन: "साहेब, बूम लई बसतंय."

"किती बसतंय?"

"लई."

"किती वेळात?"

"बघता बघता."

या दोन मापांचा भागाकार करून आम्ही वेग काढायचा.

समोरासमोर गेलं तरी फार फरक पडत नाही. ऑपरेटर अंगठा आणि तर्जनी ताणून अंतर दाखवतो. तेच अंतर दाखवायला मालक दोन्ही हात पसरतो. ऑपरेटरचं म्हणणं, "चालतंय की साहेब, काय नाय त्याला." कारण त्याच्या हाताला सवय झालेली असते. बूम जेवढं उतरतं तेवढं तो लिव्हरला नकळत टिचकी मारून वर घेत राहतो. असं दोन-दोन वर्षं चालतं. मग एक दिवस तो बहिणीच्या लग्नाला गावी जातो, बदली ऑपरेटर येतो, आणि पहिल्याच तासाला खाली उतरून जाहीर करतो की या मशीनमध्ये काही राम नाही. बदली ऑपरेटरइतका प्रामाणिक तपासनीस कुठल्याच कंपनीनं नेमलेला नाही.

मग कारणमीमांसा सुरू होते. एकाच्या मते मागच्या वेळी तेल भलत्याच कंपनीचं भरलं. दुसऱ्याच्या मते ब्रेकर लावल्यापासून मशीनची रयाच गेली. यात थोडं तथ्य आहे. दिवसभर खडक फोडणाऱ्या ब्रेकरमुळे तेल तापतं आणि त्यात कचराही जास्त शिरतो. तिसरा म्हणतो, नजर लागली. एका क्रशरवर मी पाहिलं, बकेटच्या पिनेला ताजी लिंबू-मिरची बांधलेली होती. उपाय चांगला होता, फक्त बकेटबरोबर लिंबू-मिरचीही खाली उतरत होती.

पण ही चर्चा नुसती हौसेची. निकाल आधीच लागलेला असतो. मालक खिशातून फोन काढतो आणि सुट्या भागांच्या दुकानात लावतो.

दुकानदार विचारतो, "ओरिजिनल देऊ, ओईएम देऊ, का लोकल देऊ?"

मालक म्हणतो, "मधलं द्या."

मशीन साठ लाखांचं असो, तेल बादल्यांनी लागत असो, किट मात्र मधलंच. ओरिजिनल घेतलं तर आपण फसलो असं वाटतं आणि लोकल घेतलं तर मशीन फसेल असं वाटतं. मधलं घेतलं की दोघंही फसतात, पण बरोबरीनं.

त्या पाकिटात पिस्टनचं पॅकिंग असतं, रॉडचं सील, धूळ अडवणारं डस्ट सील, ओ-रिंगा, बॅकअप रिंगा, वेअर रिंगा. ते घेऊन मिस्त्री साईटवर येतो. कडुलिंबाखाली जागा बघून ताडपत्री अंथरली जाते. ताडपत्री काल सिमेंटच्या पोत्यांवर होती. जॅक उतरवायचा, पालथा करायचा, तेल बादलीत काढायचं. बादलीवर झाकण नाही, शेजारून हायवा मुरुमाची धूळ उडवत जाते. पिस्टनचा नट सुटत नाही म्हणून पान्याला पाइप लावतात. पाइप वाकतो, म्हणून शेवटी शेजारच्या जेसीबीला बोलावून त्याच्या बकेटनं पाना ढकलतात. नटसुद्धा घाबरून सुटतो.

पिस्टनवरची रिंग कडक असते. ती बेतानं गरम करून, ताणून बसवायची आणि मग पट्ट्यानं आवळून पुन्हा मापात आणायची, असं पुस्तक सांगतं. कडुलिंबाखाली ती गरम होते चहाच्या पातेल्यात आणि बसते स्क्रू-ड्रायव्हरनं. स्क्रू-ड्रायव्हरची कड कुठंतरी लागतेच. त्यामुळे नवं सील मशीनमध्ये जाण्याआधीच जुनं होतं. शेवटी सगळं चिंधीनं पुसायचं. चिंधीचे दोरे पिस्टनबरोबर आत जातात. आता त्यांचा प्रवास सुरू होतो. तो कुठं संपतो ते पुढं येईल.

संध्याकाळी जॅक चढतो. बूम वर घेतात. सगळे बघत उभे. बूम बसतं.

मिस्त्री डगमगत नाही. "सील नवीन आहे, त्याला बसायला वेळ लागतो. दोन दिवस चालवा." दोन दिवसांनी तो म्हणतो, "मधलं किट आणलंत तिथंच चूक झाली." मग ओरिजिनल किट. तरी बूम बसतं. मग "दुसऱ्या बाजूचा जॅक खोलायला पाहिजे", कारण बूमला जॅक दोन. मग "ट्यूबला आतून ओरखडा आहे" म्हणून नळकांडं भोसरीला होनिंगसाठी. मग रॉडला नवं क्रोम. एका जॅकवर एवढे संस्कार आपल्याकडे मुंजीतही होत नाहीत.

या सगळ्या काळात, लिव्हर हलली की तेल कुठं जायचं ते ठरवणारा कंट्रोल व्हॉल्व्ह आपल्या जागी, पत्र्याच्या आड, शांत बसलेला असतो. त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही, कारण त्याच्याकडे नुसतं पाहायचं म्हटलं तरी आधी चार बोल्ट काढावे लागतात.

जॅक आणि गळती यांचं नातं तसं जुनं आहे, त्यामुळे लोकांना फार दोष देता येत नाही. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली घेतलं. हे ब्रामा मुळात कुलूपवाले. त्यांनी लंडनमधल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप लावून ठेवलं होतं आणि उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस जाहीर केलं होतं. ते १८५१ साल उजाडेपर्यंत कुणाला उघडता आलं नाही. चोरांना इतकी वर्षं अडवणाऱ्या या माणसाला प्रेसमधलं पाणी मात्र अडवता येईना. रॉडभोवती काही घट्ट बांधावं तर रॉड हलत नाही, सैल ठेवावं तर पाणी गळतं. त्यांच्याकडे कामाला असलेल्या हेन्री मॉडस्लीनं चामड्याची कड असलेली अशी चकती बसवली की पाण्याचा दाब वाढला की तीच रॉडला जास्त चिकटेल. आजचं सील याच तत्त्वावर चालतं. पुढं मॉडस्लीनं पगारवाढ मागितली. ब्रामांनी नाही म्हटलं आणि तो १७९७ साली नोकरी सोडून स्वतःचा कारखाना काढायला गेला. तेव्हा सील टिकलं, पण सीलवाला टिकला नाही. मालक मंडळींनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

आता मूळ खटल्याकडे. आरोपी जॅक, आरोप असा की आतलं पॅकिंग फाटल्यामुळे तेल पिस्टनच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातं आणि बूम बसतं. ऐकायला इतकं सरळ आहे की कुणी उलटतपासणीच घेत नाही. ती आपण घेऊ.

२० टनांच्या वर्गातल्या पोकलेनमध्ये बूमच्या जॅकचा आतला व्यास साधारण १२० मिलिमीटर असतो आणि रॉडचा ८५. बूमचं वजन रॉडला आत दाबतं. बूम खाली यायचं तर रॉड आत शिरायला हवा. रॉड आत शिरला म्हणजे त्यानं जागा व्यापली. आता जॅकच्या दोन्ही टोकांच्या लाइन कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये घट्ट बंद आहेत असं धरा. आत तेल आहे तेवढंच आहे. पॅकिंग फाटलं, तर तेल पिस्टनच्या खालून वर जाईल हे खरं. पण आत घुसलेल्या रॉडनं जेवढी जागा खाल्ली तेवढं तेल जॅकच्या बाहेर पडायला हवं, आणि बाहेर पडायला तर वाट नाही. तेल दाबून चेपावं म्हटलं तर ते नावापुरतंच चेपतं. म्हणजे पॅकिंग काढून फेकून दिलं, पिस्टनला गिरमिटानं भोक पाडलं, तरी बूम थोडंसं बसेल आणि थांबेल. एवढंच होईल की आधी जो भार ११३ चौरस सेंटिमीटरवर तोलला होता, तो आता रॉडच्या ५७ चौरस सेंटिमीटरवर तोलावा लागेल. त्यामुळे आतला दाब जवळजवळ दुप्पट होईल. पण बूम जमिनीला जाणार नाही.

हे मी एकदा शेडमध्ये फळ्यावर काढून दाखवलं. शेडमधले सर्वांत जुने मिस्त्री बराच वेळ आकृतीकडे बघत राहिले.

"म्हणजे एवढी वर्षं आम्ही बदलत काय होतो?"

"किट."

"आणि ज्यांचं बूम थांबलं त्यांचं?"

हा प्रश्न मात्र पक्का होता. त्याचं उत्तर असं की जॅक अगदीच धुतल्या तांदळासारखा नसतो. तेल जायला बाहेर दार लागतं, आणि खऱ्या मशीनमध्ये ते दार कधीच पूर्ण बंद नसतं. कंट्रोल व्हॉल्व्हमधला स्पूल म्हणजे पोलादी ठोकळ्याच्या भोकात मागंपुढं सरकणारा दांडा. तो सरकायला हवा, म्हणून भोवती फट ठेवावीच लागते. ही फट मायक्रॉनमध्ये मोजतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तिथं रबरी सील बसवता येत नाही. त्यामुळे स्पूल नवा असला, जपानहून आलेला असला, तरी थोडा गळतोच. कंपनीनं तो गळका बनवला आहे आणि गळतीची मर्यादा पुस्तकात छापली आहे.

ही गळती बूमला खाली आणू नये म्हणून बऱ्याच मशीनमध्ये बूमच्या भार झेलणाऱ्या लाइनवर होल्डिंग व्हॉल्व्ह असतो. तो पॉपेट जातीचा. शंकूसारखं टोक बैठकीवर घट्ट बसतं आणि तेलाला मागं जाऊ देत नाही. पण पहारा एकाच बाजूला असतो. पॅकिंग फाटलं की तेल पिस्टनमधून पलीकडे, पहारा नसलेल्या रॉडच्या बाजूला जातं आणि तिथून स्पूलच्या फटीतून टाकीत. तेही दुप्पट दाबानं. तेव्हा पॅकिंग गुन्ह्यात सामील असू शकतं, पण एकट्यानं गुन्हा करू शकत नाही. साथीदार वर, पत्र्याच्या आड, बसलेलाच असतो. कित्येकदा तर सगळा उद्योग त्या साथीदाराचाच असतो: स्पूल झिजलेला, दाब फार वाढला की तेल टाकीत सोडणारा पोर्ट रिलीफ व्हॉल्व्ह धड न मिटणारा, किंवा होल्डिंग व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचरा. आणि मघाचे चिंधीचे दोरे आठवताहेत ना? त्यांचा प्रवास बऱ्याचदा इथंच संपतो. पहिलं किट टाकण्याआधी बूम तासाला चार बोटं बसत होतं, तिसऱ्या किटनंतर वीतभर बसायला लागलं, याचं रहस्य त्या चिंधीत असतं. मालक म्हणतो, "एवढा खर्च केला तरी वाढतच चाललंय." खर्च केला म्हणूनच वाढत चाललंय, हे त्याला सांगायला धीर लागतो. शिवाय बिल वसूल झालेलं असावं लागतं.

बरं, कोण गुन्हेगार ते ओळखायला जॅक खोलावा लागतो का? अजिबात नाही. एक चाचणी आहे, इतकी फुकट की तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. बूम वर घ्या. खाली कुणी उभं नाही याची खात्री करा. ही ओळ गमतीची नाही. इंजिन बंद करा, चावी ऑनवर राहू द्या, आणि दाब साठवून ठेवणाऱ्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये दाब शिल्लक आहे तोवर लिव्हर बूम वर घ्यायच्या दिशेला ओढा. हो, वरच्या. पंप बंद आहे, म्हणजे बूम वर जाणार नाही. पण स्पूल सरकला की रॉडच्या बाजूची लाइन थेट टाकीला उघडते, आणि खालच्या बाजूचं तेल पंपाकडे जाऊ पाहतं तेव्हा त्याला वाटेतला चेक व्हॉल्व्ह अडवतो. पॅकिंग शाबूत असेल तर बूमच्या उतरण्यात काही फरक पडणार नाही. पॅकिंग फाटलेलं असेल तर तेल पिस्टनमधून रॉडच्या बाजूला आणि तिथून मोकळ्या वाटेनं टाकीत जाईल, आणि बूम एकदम वेगानं खाली येईल. लिव्हर वर ओढली आणि बूम खाली पळालं, तर खुशाल किट आणा. फरक पडला नाही, तर जॅकची माफी मागून व्हॉल्व्हचे चार बोल्ट काढा.

ही चाचणी मी मालकाला करून दाखवतो तेव्हा तो विचारतो, "लॅपटॉप नाही लावणार?" लॅपटॉप लावला असता तर त्यानं निकाल मानला असता. नुसती लिव्हर ओढून रोग कळतो, हा त्याला देवर्षीपणा वाटतो. त्यापेक्षा किटवर त्याची श्रद्धा जास्त. किट हातात धरता येतं, त्याला पाकीट असतं, पाकिटावर आकडे असतात.

पोर्ट रिलीफची परीक्षाही अशीच बिनखर्चाची. बूमचं रिलीफ आणि दुसऱ्या एखाद्या जॅकचं रिलीफ एकाच मापाचं आणि एकाच सेटिंगचं असेल, तर मशीन जमिनीला टेकवून, दाब काढून त्यांची अदलाबदल करायची. बूम सुधारलं आणि दुसरा जॅक बसायला लागला, की चोर सापडला. यात एकच धोका असतो. दोन्ही जॅक बसू लागले तर मालकाची समजूत होते की साहेबांनी एक बिघडलेलं होतं ते दोन केले.

बूमच्या टोकाला जोडलेल्या आर्मच्या बाबतीत मात्र जॅकला जामीन मिळत नाही. आर्म लांब पसरून धरलं की त्याचं वजन रॉडला आत ढकलत नाही, बाहेर ओढतं. रॉड बाहेर जाताना जागा खात नाही, उलट मोकळी करतो. त्यामुळे रॉडच्या बाजूचं तेल फाटक्या पॅकिंगमधून खुशाल पलीकडे जातं आणि तिथं त्याला हवी तेवढी जागा मिळते. बाहेर कुठं जायची गरजच नाही. तेव्हा आर्म बसत असेल तर पॅकिंगवर संशय घेणं रास्त आहे. पण गंमत अशी की लोक आर्मबद्दल बोलतच नाहीत. बूम उंच असतं, बसलेलं गावभर दिसतं. आर्म बसलं तर फक्त ऑपरेटरला कळतं, आणि तो "चालतंय की" म्हणणारा.

खरी अडचण चाचणीची नाही, मोजमापाची आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की तेल पन्नास अंशांच्या आसपास तापवा, मशीन ठरलेल्या स्थितीत उभं करा, इंजिन बंद करा आणि पाच मिनिटांत किंवा पंधरा मिनिटांत (कंपनीप्रमाणे) रॉड किती मिलिमीटर सरकला ते मोजा. सामान काय लागतं? टेप, मार्कर, घड्याळ. पण आपल्याकडे साईटवर पंधरा मिनिटं कुणी कशाला हात लावणार नाही, अशी परिस्थिती निर्माण करणं हे बूम उचलण्यापेक्षा अवघड आहे. तिसऱ्या मिनिटाला हेल्पर पाण्याची बाटली घ्यायला केबिनमध्ये चढतो आणि त्याचा गुडघा लिव्हरला लागतो. पुन्हा पहिल्यापासून. सातव्या मिनिटाला मालक म्हणतो, "दिसतंय की बसतंय ते, मोजायचं काय त्यात?" दहाव्या मिनिटाला मुकादम येऊन विचारतो, हे तास भाड्यात धरायचे का? बाराव्या मिनिटाला कुणीतरी मार्करची खूण हातानं पुसून बघतो, ती कशाची आहे म्हणून.

तेल तापवायचं ते कशाला, हाही वादाचा विषय. गार तेल घट्ट असतं, फटीतून सावकाश जातं. म्हणून सकाळी आठ वाजता तपासलं तर बूम जागचं हलत नाही, आणि मे महिन्यात दुपारी दोनला तेच बूम उतरणीला लागतं. सकाळी आलेला सर्व्हिसवाला म्हणतो, "काही झालेलं नाही." दुपारी मालक म्हणतो, "सर्व्हिसवाल्याला काही येत नाही." दोघंही आपापल्या वेळेपुरते बरोबर.

याहून मोठा घोटाळा रात्रीचा. "साहेब, रात्री बूम वर ठेवून गेलो, सकाळी बघतो तर खाली." या तक्रारीवर किती किटं खपली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. तेल गार झालं की आक्रसतं. दर अंशाला साधारण दहा हजारात सात भाग. जॅकमध्ये एक मीटर लांबीचं तेल आहे आणि ते रात्रीत ४० अंशांनी थंड झालं, तर २८ मिलिमीटर कमी भरतं. जॅकमधले हे २८ मिलिमीटर बकेटच्या टोकापर्यंत पोचेपर्यंत कितीतरी पट मोठे होतात, कारण बूम आणि आर्म मिळून हात लांब असतो. एक थेंब गळालेला नाही, एक सील फाटलेलं नाही, आणि मालक सकाळी सातला दुकानाबाहेर शटर उघडायची वाट बघत उभा.

आता तर या विषयाला सार्वजनिक महत्त्वही आलं आहे. पूर्वी पुढाऱ्याला हार हातानं घालत. आता जेसीबीचं पुढचं बकेट फुलांनी भरतात, त्यात दोन-चार कार्यकर्ते उभे राहतात, बकेट वर जातं आणि चौकात पुष्पवृष्टी होते. निकालाच्या दिवशी फुलांच्या जागी गुलाल. सगळ्या कार्यकर्त्यांचा भार लोडरच्या दोन जॅकवर, आणि मशीन आणलेलं असतं भाड्यानं, म्हणजे ज्याला त्या दिवशी दुसरीकडे काम नव्हतं ते. पुष्पवृष्टी आटोपते, पण बकेट वरच असतं, कारण खाली भाषण सुरू होतं. भाषण पंधरा मिनिटांपेक्षा लांबतं. उन्हात तेल तापलेलंच असतं. नकळत का होईना, पुस्तकात सांगितल्याबरहुकूम अचूक चाचणी सुरू असते. फरक एवढाच की पुस्तकात बकेटखाली आमदार उभे करायला सांगितलेलं नसतं. बकेट इंचाइंचानं उतरतं, कार्यकर्त्यांना वाटतं आपण साहेबांच्या जवळ चाललो आहोत, आणि ऑपरेटर लिव्हरला टिचकी मारत राहतो. राज्यातलं राजकारण कोण कुठं वर धरून ठेवतंय ते मला कळत नाही, पण चौकातलं बकेट या टिचकीवर तरलेलं असतं, एवढं खात्रीनं सांगतो.

मग एवढं सगळं असूनही किटच का मारतात? माझं मत सरळ आहे. किट बदलणं हे काम आहे आणि शोधणं हे काम वाटत नाही. जॅक उतरवला, तेल सांडलं, चार माणसं घामाघूम झाली की मालकाला पैसे दिल्याचं समाधान मिळतं. मी टेप आणि घड्याळ घेऊन पंधरा मिनिटं रॉडकडे बघत बसलो तर त्याला वाटतं साहेब बसून पैसे घेतो. शिवाय कंट्रोल व्हॉल्व्ह महाग. त्याचं नाव काढलं की मालक म्हणतो, "आधी स्वस्तातलं करून बघू." मग स्वस्तातलं तीनदा करून बघतो.

एक हात जोडून विनंती मात्र आहे, आणि ती विनोदी लेखात असली तरी विनोदी नाही. गळती कुठं आहे ते बघायला होज पाइपवरून हात फिरवू नका. या मशीनमध्ये तेल ३०० बारच्या वर चढतं. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली तेलाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत जाते. वर दिसतो फक्त एक ठिपका, आणि त्या ठिपक्यापायी बोट, कधी हातही जातो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा आणि तेल लागलं का बघा. तेल आत गेल्याची शंका जरी आली तरी हळद लावून घरी न बसता लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा.

बाकी किटचं तुम्ही बघा. ओरिजिनल घ्या, मधलं घ्या, पण घेण्याआधी एकदा इंजिन बंद करून लिव्हर वर ओढा. आणि संध्याकाळी काम आटोपलं की बकेट जमिनीला टेकवून मगच मशीन सोडा. टेकलेलं बकेट रात्रीत आणखी खाली गेलं, अशी तक्रार आजवर माझ्याकडे एकाही मालकाची आलेली नाही.